सात अवमानांचं वर्ष

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, सकाळी दुबलगुंडीच्या मारुतीपुढं माणसं जमतात ती दोन कामांसाठी. कडुनिंबाच्या फुलांत कालवलेला गूळ तळहातावर घ्यायचा आणि अच्युतराव मास्तरांच्या तोंडून आपापल्या राशीचं वर्ष ऐकायचं. गूळ तोंडात विरघळेपर्यंत मास्तर पाऊसपाणी, पीकपाणी उरकून घेतात. खरी गंमत त्यानंतर. इकडच्या पंचांगात प्रत्येक राशीपुढं दोन आकडे असतात. एक राजपूज्य, म्हणजे वर्षभरात किती वेळा मान मिळणार. दुसरा अवमान, म्हणजे किती वेळा मान खाली घालावी लागणार. पाऊस कुणी ध्यानात ठेवत नाही, पण हे दोन आकडे गाव वर्षभर जिभेवर खेळवतं. कुणाला बायकोनं चारचौघांत झापलं की लगेच कुणीतरी विचारतं, "कितवा झाला रे?"

विजयश्री बायकांच्या बाजूला, चार वर्षांच्या पुनीला कडेवर घेऊन उभी होती. स्वतःची रास कधी आली नि कधी गेली, तिला कळलंही नाही. ती वाट बघत होती वृश्चिकेची. वृश्चिक म्हणजे तिचे सासरे, अंकुशराव.

"वृश्चिक," मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. "राजपूज्य दोन. अवमान..." ते थांबले. पंचांग जवळ नेलं, लांब नेलं, परत जवळ आणलं. "सात."

पारावर हसू पसरलं. चहाच्या हॉटेलचा ईरण्णा मागून म्हणाला, "अंकुशअण्णा, सात म्हणजे गावाचे सगळे तुमच्याच वाट्याला आले की. आम्हाला ठेवा थोडे."

अंकुशराव हसले नाहीत. त्यांनी हातावरचा गूळ तसाच पुनीच्या मुठीत दिला, उपरणं झटकलं आणि घराकडं चालू लागले. सासऱ्यांची चाल तिला आठ वर्षांत पाठ झाली होती. अशी टाचा आपटत चालायला लागले की त्यांचं काहीतरी कायमचं ठरलेलं असायचं.

आणि ठरलंच होतं. पाय धुता धुताच त्यांनी सांगून टाकलं, "या वर्षी मी कुणाच्या उंबऱ्याला जायचा न्हाई."

"आन् पोराचं?" सासूबाईंनी, राजूबाईंनी, विचारलं.

"पोराचं पुढच्या उगादीनंतर."

पोर म्हणजे हरिओम, विजयश्रीचा धाकटा दीर. कलबुर्गीला आयटीआयमध्ये शिकवतो. आणि त्याचं लग्न पुढच्या उगादीपर्यंत थांबणारं नव्हतं, हे घरात विजयश्रीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते तिनंच जुळवलं होतं. बी.एड. करताना हॉस्टेलच्या एका खोलीत तिच्यासोबत निंबर्ग्याची अंबिका राहायची. ती पुनीच्या वाढदिवसाला आली, हरिओम तिला हुमनाबादच्या स्टँडवर सोडायला गेला, बस तीन तास उशिरा आली आणि त्या तीन तासांत दोघांचं जे बोलणं सुरू झालं ते अजून संपलेलं नव्हतं. मुलगी शिक्षिका, जातीगोतीचं काही आडवं नाही, दोघांची मनं जुळलेली. अडचण एवढीच होती की अंबिकाच्या वडिलांकडं, लिंगराज यांच्याकडं, अक्कलकोटचं दुसरं स्थळ येऊन बसलं होतं. लेकीच्या हट्टाखातर त्यांनी मुदत दिली होती, ती त्यांच्याच शब्दांत अशी. बसव जयंतीपर्यंत मुलाच्या बापानं स्वतः आमच्या घरी यावं. फोनवरची सोयरीक मला कळत न्हाई. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही, तर अक्कलकोटला होकार जाईल.

उगादी ते बसव जयंती, महिनाभर आणि वर दोन-तीन दिवस. विजयश्रीनं अंबिकाला शब्द दिला होता, "मामंजींना मी घेऊन येते, तू निर्धास्त शाळेत जा."

आता मामंजी ओसरीवर पाठ करून बसले होते.

"सातातला एक तरी तिथंच होणार बघ," ते भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले. "गेल्या वर्षी तीन होते. तिसरा कुठं झाला, ठाऊक हाय ना?"

ठाऊक होतं. भालकीला. हरिओमसाठीच एक मुलगी मागायला गेले होते. नवा सदरा, नवं उपरणं. त्यांना ओसरीवर बसवलं, चहा आला आणि चहाच्या कपाबरोबरच निरोप आला, की मुलीच्या मामानं कालच दुसरीकडं ठरवलंय. अंकुशराव चहा न घेता उठले आणि घरी येऊन दोन दिवस धड जेवले नाहीत. तो सदरा परत त्यांच्या अंगावर कुणी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुनीला घेऊन विजयश्री मास्तरांच्या घरी गेली. मास्तरांच्या बायकोनं, सुमतीबाईंनी, पुनीपुढं चुरमुऱ्याच्या चिवड्याची ताटली ठेवली. मास्तर झोपाळ्यावर पेपर वाचत होते.

"मास्तर, एखाद्याची रास चुकू शकती का हो?"

"कुणाची?"

"मामंजींची."

मास्तरांनी पेपरची घडी घातली. "त्याचं टिपण माझ्या वडिलांच्या हातचं आहे. ज्येष्ठा नक्षत्र, वृश्चिक रास. आणि समजा चुकली असली, तरी साठ वर्षं विंचू म्हणून वागलेल्या माणसाला मी आता मेंढा कसा करू? तो मलाच शिंग मारील."

विजयश्री हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. मास्तरांनी ते पाहिलं. तिनं मग सगळं सांगून टाकलं, निंबर्गा, अक्कलकोट, बसव जयंती.

"बस की जरा," मास्तर म्हणाले. "तुझ्या मामंजीचा हा विंचू मूळचा कुठला आहे, सांगू का? आपल्याकडं आधी राशी नव्हत्याच. सत्तावीस नक्षत्रं होती. चंद्र रोज एका घरी मुक्काम करतो, सत्तावीस दिवसांत आपली वस्ती फिरून येतो. शेतकऱ्याला तेवढं पुरत होतं. अजून पेरणीला रोहिणी, मृग असंच म्हणतो की आपण. कुणी मिथुन राशीत पेरत नाही."

"मग बारा कुठून आल्या?"

"लांबून. पश्चिमेला दोन नद्यांच्या मधला मुलूख होता, बाबिलोन. तिथली माणसं वर्षानुवर्षं आभाळ बघून विटांवर लिहून ठेवायची. सूर्य वर्षभर ज्या वाटेनं जातो, त्या वाटेचे त्यांनी बारा तुकडे केले, वर्षाचे महिने बारा म्हणून. प्रत्येक तुकड्यातल्या चांदण्यांना रेघा जोडून आकार दिला. आपल्या आसपास जे दिसत होतं तेच वर दिसलं त्यांना. बैल, विंचू, मासे, पाणी ओतणारा माणूस. तिथून ते ग्रीकांकडं गेलं आणि ग्रीकांकडून, व्यापारी जहाजांबरोबर म्हण, आपल्याकडं. आपल्या पंडितांनी आधी नावंसुद्धा तीच ठेवली होती. जुन्या संस्कृत ग्रंथांत मेषेला क्रिय म्हटलंय आणि वृश्चिकेला कौर्प्य."

"कौर्प्य?"

"ग्रीकांचा विंचू. मग हळूहळू घरचे शब्द आले. तिकडचा शेळीचं तोंड अन् माशाची शेपटी असलेला प्राणी आपल्याकडं येऊन मकर झाला. सुनेला सासरचं नाव ठेवतात, तसं."

सुमतीबाई आतून म्हणाल्या, "माझं नाव बदललं तेव्हा मला कुणी ग्रीक म्हणालं नव्हतं."

"आणि हे अवमान?" विजयश्रीनं विचारलं. "हे बाबिलोनचे का ग्रीकांचे?"

"छे. ते नुसतं गणित. आकड्याला आकड्यानं गुणायचं, सातानं भागायचं, त्यातून जे उरतं ते लिहायचं, काहीच उरलं नाही तर सात. म्हणून तर सातावर कुणाचं जात नाही. अंकुशला सगळ्यात वरची पायरी मिळाली, इतकंच. आभाळाला कुणाचा अवमान करायला सवड नाही गं."

"मग मारुतीपुढं हे कामून सांगत न्हाई तुम्ही?"

मास्तर जरा ओशाळले. "गावाला वर्षभर हसायला एक निमित्त मिळतं. हसण्यावारी न नेणारा हा एकटाच निघाला. आणि मी आता जाऊन सांगितलं तर तो म्हणेल, सुनेनं पढवलंय. ते खरंच आहे की."

विजयश्री पुनीच्या फ्रॉकवरचा चिवडा झटकत होती. तिचा हात मध्येच थांबला.

"मास्तर, सातावर जात न्हाई म्हणजे आठवा होत न्हाई?"

"पंचांगाप्रमाणे नाही."

"आन् सात कधी व्हायचे, त्याची तारीख लिहिलेली असती?"

"तारीख कसली असणार त्याला..." मास्तर बोलता बोलता थांबले. झोपाळाही थांबला. "विजू, तू बी.एड. कशाला केलंस गं? वकील व्हायचं होतंस."

संध्याकाळी भाकरी वाढताना तिनं विषय काढला. तिचा नवरा शिवप्रसाद पाण्याचा तांब्या तोंडाला लावून ऐकत राहिला.

"मामंजी, सात अवमान व्हायचेत ते व्हायचेतच. पण ते वर्षभर पुरवून कशाला खायचे? बसव जयंतीच्या आत उरकून टाकू. सात संपले की वर्ष मोकळं. मग कुठल्याबी उंबऱ्याला जा, अवमान शिल्लकच न्हाई."

अंकुशरावांचा घास हातात राहिला. असलं बोलणं त्यांना पटायचं. काढणीला आलेलं पीक उभं ठेवून काय करायचं, अशा हिशेबानं त्यांनी ते मनात उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर हाय. पण खरे पाहिजेत. सांगून-सवरून केलेला अवमान म्हणजे नाटक. पोटात कालवलं पाहिजे."

"ते आमच्याकडं लागलं," राजूबाई म्हणाल्या.

"घरच्यांचा धरायचा न्हाई. घरचं बोलणं म्हणजे रोजचं कालवण, त्याला अवमान म्हणत न्हाईत."

"म्हणजे माझी चाळीस वर्षं फुकटच गेली म्हणायची."

जेवण झाल्यावर अंकुशरावांनी कणगीतून तुरीचे सात दाणे घेतले आणि देवळीतल्या पितळी वाटीत टाकले. अवमान झाला की एक दाणा बाहेर. ही सगळी योजना ऐकून हरिओम फोनवर कलबुर्गीहून एवढंच म्हणाला, "वहिनी, आपलं घर बरं हाय ना?"

पहिला प्रयत्न ईरण्णाच्या हॉटेलात झाला आणि वाया गेला. शिवप्रसादनं त्याला आधी कानात सांगून ठेवलं होतं. ईरण्णानं बाकावरच्या सगळ्यांना चहा दिला, अंकुशरावांना वगळलं आणि तिसरीतल्या पोरानं कविता म्हणावी तसं म्हणाला, "तुमचा चहा आज नाही. तुम्ही उद्या या." अंकुशराव त्याच्याकडं बघत बसले. "कालवलं न्हाई," शेवटी म्हणाले. "आण चहा." चहा आला. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं, "ह्याच्यात पत्ती हाय का नुसतं गरम पाणी?"

आता ईरण्णाचा चहा हा ईरण्णाचा जीव. तो सगळी शिकवणी विसरला. "पत्ती विचारताय? अण्णा, गेल्या वर्षी तुमची तूर नेली घरी, माझ्या आईचा एक दात गेला. खडे निवडा आधी, मग माझी पत्ती मोजा."

बाकावरच्या चार माणसांनी ते ऐकलं. अंकुशरावांच्या तुरीत खडा. हे त्यांना आजवर कुणी म्हणालं नव्हतं. ते ताडकन उठले, घरी आले, देवळीतला एक दाणा काढून अंगणात भिरकावला आणि विजयश्रीला म्हणाले, "एक." त्या दुपारी त्यांनी उरलेली तूर सुपात घेऊन स्वतः निवडली. खडे निघाले. पाच.

दुसरा पुनीनं केला, कुणी न शिकवता. हुमनाबादचे दोन व्यापारी ओसरीवर बसले होते, पुनी त्यांच्यापुढं उभी राहून म्हणाली, "आजोबा झोपेत बैलासारखे ओरडतात. मग आज्जी त्यांना पायानं ढकलती." व्यापारी हसू दाबत चहात बघू लागले. घरचा अवमान, पण परक्यांपुढं. बराच वेळ विचार करून अंकुशरावांनी तो धरला.

तिसऱ्यावरून मात्र वाद झाला. हुमनाबादच्या बसमध्ये कॉलेजची एक पोरगी उठली आणि म्हणाली, "अज्जा, बसा." अंकुशरावांचं वय त्रेसष्ट, केसाला अजून काळी कड, आणि अज्जा. त्यांच्या मते अवमान. राजूबाईंच्या मते जागा दिली म्हणजे मान, आणि मान तर वर्षाला दोनच आहेत, जपून वापरायला पाहिजेत. प्रकरण मास्तरांपर्यंत गेलं. मास्तरांनी निकाल दिला, की बूड टेकलं तो मान आणि मनाला लागलं तो अवमान, दोन्हीकडं एकेक धरा. अंकुशरावांना निकाल मान्य झाला, फक्त मानाचे दाणे आपण ठेवलेच नाहीत याची त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणीव झाली.

चौथा आणि पाचवा ग्रामसभेत एका दमात उरकले. गटाराचा अर्ज त्यांनी मराठीत दिला होता, वाचणाऱ्या नव्या साहेबाला फक्त कानडी येत होती. त्यानं तो उलटा धरून बाजूला ठेवला, हा चौथा. अंकुशरावांनी उठून अख्खा अर्ज तोंडपाठ कानडीत सांगितला, तर साहेब म्हणाला, एवढं चांगलं येतं तर लिहायला काय झालं होतं. हा पाचवा, आणि लोक हसले ते वेगळंच. आपल्याकडची माणसं तीन भाषांत बोलतात आणि एका भाषेत सही करतात, हे त्या बिचाऱ्याला अजून कळायचं होतं.

त्यानंतर दहा दिवस काहीच होईना. गावाला सुगावा लागला होता. लोक मुद्दाम त्यांना नमस्कार घालू लागले. ईरण्णानं चहाबरोबर बिस्कीट दिलं. वाटीत दोन दाणे पडून राहिले आणि अंबिकाचे फोन लांबत गेले. "अक्का, अक्कलकोटच्यांनी परवा माझा फोटो पुन्हा एकदा मागवला." विजयश्री पुनीला थोपटत, आवाज बारीक करून तिला धीर द्यायची. फोन ठेवला की तिला स्वतःचाच राग यायचा. शब्द तिनं दिला होता. पोरगी तिच्या शब्दावर बसून होती.

सहावा अवमान बसव जयंतीच्या आदल्या संध्याकाळी झाला. हरिओमचा फोन स्पीकरवर होता. त्यानं शांतपणे सांगितलं, "अप्पा, तुम्ही नका त्रास घेऊ. उद्या मी एकटाच जातो, लिंगराजअण्णांच्या पाया पडतो. त्यांनी ऐकलं तर ऐकलं. तुमच्याशिवायबी होईल."

घरचाच माणूस. चारचौघं नाहीत. तरी अंकुशराव उठले. वाटीत दाणा वाजल्याचा आवाज विजयश्रीनं स्वयंपाकघरातून ऐकला. घरच्यांचा धरायचा नाही हा नियम त्यांचाच होता. तो त्यांनी स्वतःच मोडला होता. तिला तेव्हा कळलं की इतके दिवस आपण भलतंच मोजत होतो.

पहाटे साडेचारला ती पाणी तापवायला उठली, तर अंकुशराव अंगणात बाजेवर बसलेले. उठून बसले होते की झोपलेच नव्हते, कोण जाणे. ती जवळ जाऊन उभी राहिली. चंद्र कधीच मावळला होता. दक्षिणेला, चिंचेच्या वर, जरा पश्चिमेकडं कललेल्या ठळक चांदण्यांचा गळासारखा एक आकडा लोंबत होता, मध्ये एक तांबडी.

"मामंजी, ती तांबडी दिसती का? ती ज्येष्ठा. तुमचं नक्षत्र."

"कंची? ती विंचवाची?"

"व्हय. तीच तुमची रास."

अंकुशराव तिच्याकडं आणि मग वर बघू लागले. "ह्यो? अगं, ह्यो तर आपला विंचू. उसाला पाणी द्यायला जायचो तेव्हापासनं ओळखतो मी ह्याला. पाण्याची बारी पहाटेची असली की नांगी त्या माळावरच्या टेकाडाला टेकेपर्यंत उसाचा एक वाफा भिजायचा. घड्याळ नव्हतं माझ्यापाशी. ह्योच होता." ते थांबले. "पंचांगातली वृश्चिक म्हणजे ह्योच, हे मला कुणी सांगितलंच न्हाई. मला वाटायचं, ती कागदावरची कुणी वेगळी असती. देवाच्या हापिसातली."

"तो मास्तर म्हणतात तसा लांबून आलाय. तिकडं लांब कुणीतरी असंच ढोरं राखत, पाणी देत बसला असंल आन् त्यानं रेघा जोडल्या असतील."

"जोडायला कशाला पाहिजेत. दिसायलाय की सरळ." मग जरा वेळानं, "चाळीस वर्षं डोक्यावर होता. एकदा डसला न्हाई बघ मला."

पूर्वेला अजून काळोखच होता. विजयश्रीनं पदर खोचला. जे बोलायचं होतं ते आत्ताच बोलायला पाहिजे होतं, आणि ते बोलायची तिची छाती होत नव्हती. आठ वर्षांत या माणसानं तिला एक वाकडा शब्द ऐकवला नव्हता. पुनीच्या वेळी दवाखान्याच्या पायरीवर तेच दोन रात्री बसून होते.

"मामंजी, एक दाणा राहिलाय," ती म्हणाली. "तो मी काढते. तुम्ही अवमानाला भ्यालेले न्हाईत. ईरण्णा बोलला, साहेब बोलला, तुम्ही दुसऱ्या दिवशी परत तिथंच गेलात. तुम्ही भ्यालात ते भालकीच्या चहाला. परत कुणी न्हाई म्हणंल, ह्याला भ्यालात. आन् ते सांगायची लाज वाटती म्हणून ह्या बिचाऱ्या विंचवाचं नाव पुढं केलंत. तुमच्या भीतीपायी एका पोरीचा जीव तिकडं टांगलाय. तुम्ही भित्रे आहात, मामंजी."

गोठ्यात म्हैस उठून उभी राहिल्याचा आवाज आला.

"माझा बापबी मला असं म्हणाला नव्हता," अंकुशराव म्हणाले.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी तिनं विचारलं, "पोटात कालवलं का?"

"लई."

ते उठले, आत गेले. देवळीतला शेवटचा दाणा त्यांनी तोंडात टाकला आणि कडाकडा चावला. मग राजूबाईंना हाक मारली, "उठ की. माझा तो भालकीचा सदरा कुठं ठेवलायस?"

जीप अंकुशरावांचीच होती आणि ती दुसऱ्याच्या हातात द्यायची त्यांची पद्धत नव्हती. शिवप्रसाद पुढं, बायका मागं, पुनी कधी या मांडीवर कधी त्या. कलबुर्गीच्या रिंग रोडवर हरिओम चढला, बापाकडं बघितलं. मागून त्यांच्या खांद्यावरचं उपरणं नीट केलं. आळंदच्या पुढं टायर पंक्चर झालं. अंकुशरावांनी पोरांना हात लावू दिला नाही, "तुमचे कपडे खराब होतील," म्हणाले आणि स्वतः खाली घुसले. निंबर्ग्याला पोचेपर्यंत भालकीच्या सदऱ्याला पुढून ऑइलचे दोन पंजे उमटलेले होते आणि उपरणं डोक्याला गुंडाळलेलं.

लिंगराज यांच्या दारात सगळे उतरले. अंकुशराव जीप लिंबाच्या सावलीला लावून, नव्या टायरला दोन लाथा मारून, सगळ्यात शेवटी आले. तोवर बाकीचे आत टेकले होते. दारातच अंबिकाची आजी बसली होती. ऐंशीच्या पुढची, ताठ, हातात काठी. तिनं काठी आडवी धरली.

"ड्रायव्हर, तू इकडं बाहेर बस. पाणी पाठवते. चपला लांब काढ, तेलाचा वास यायलाय." आणि आत वळून लिंगराजना ओरडली, "लिंगू, पाव्हणे आले, पण नवऱ्याचा बाप कुठंय? आला का न्हाई? का त्याला जड झालं यायला?"

लिंगराज अर्धे उठलेले, चेहऱ्यावर रंग नाही. हरिओमनं डोळे मिटले. विजयश्रीला समोर भालकी दिसली, ती ओसरी, तो न घेतलेला चहा. आतल्या दारापाशी अंबिका पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती आणि ट्रेमधले पेले एकमेकांवर किणकिणत होते.

अंकुशराव उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांनी काठीकडं बघितलं. सदऱ्यावरच्या दोन पंजांकडं बघितलं. मग बोटं मोजू लागले, ईरण्णा, पुनी, बस, गटार, साहेब, हरिओम, आणि सातव्या बोटाला त्यांनी विजयश्रीकडं बघितलं. आठवं बोट उभं राहिलं आणि तिथंच थांबलं.

"विजू," ते म्हणाले, "सात तर झाले."

"झाले, मामंजी."

"मग ह्यो कशात धरायचा?"

"कशातच न्हाई. आठवा नसतोच."

त्यांनी ते आठवं बोट दुमडलं. आणि हसू लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग उपरणं डोक्यावरून सुटून खाली आलं. "अज्जी," ते म्हणाले, "जड झालं व्हतं खरं. महिनाभर जड झालं व्हतं. पण आलो. मीच तो बाप."

लिंगराज धावत आले, हात जोडले, आईच्या वतीनं माफी मागू लागले. अंकुशरावांनी त्यांना थांबवलं. "तुम्ही कामून घाबरताय? माझ्या या वर्षीच्या खात्यात आता काहीच शिल्लक न्हाई. तुम्ही काहीबी बोला." आणि त्यांनी उगादीपासूनची सगळी कथा तिथंच, उंबऱ्याजवळ उकिडवं बसून सांगितली, खड्यांसकट, घोरण्यासकट. लिंगराज आधी भीतभीत हसले, मग मोकळेपणी. राजूबाईंनी आपल्या चाळीस वर्षांची तक्रार त्यात घातली.

म्हातारी मात्र हसत नव्हती, ती विचार करत होती. "रास म्हणजे काय असतं रे एवढं? मला न्हाईच. आमच्या घरी म्हैस व्याली त्या दिवशी मी झाले. म्हशीची वेळ लिहून ठेवली बापानं, माझी न्हाई."

अंकुशराव गंभीर झाले. "मग अज्जी, तुमचे अवमान कोण मोजतं?"

"माझे कशाला मोजायचे? मी दुसऱ्याचे करते."

यावर सगळं घर हसलं, आणि सगळ्यात जास्त वेळ हरिओम. त्याचं हसू थांबेना म्हणून अंबिकानं पाण्याचा पेला आधी त्याच्या हातात दिला आणि मग चूक लक्षात येऊन सासऱ्यांकडं वळली. अंकुशरावांनी पाणी घेतलं. चहा आला, तो घेतला. बशीत ओतून, फुंकर घालून, शेवटच्या थेंबापर्यंत. विजयश्री त्या बशीकडं एकटक बघत होती. बशी रिकामी झाली तेव्हा तिनं पुनीला उगाचच घट्ट जवळ ओढलं, आणि पुनी "दुखतंय" म्हणाली.

लिंगराजनी अक्कलकोटला नकाराचा फोन लावायला सांगितलं. आतून साखरेची वाटी आली. पहिली चिमूट मोठ्या माणसानं द्यायची म्हणून ती म्हातारीच्या हातात दिली. तिनं काठी बाजूला ठेवली आणि चिमटीत साखर उचलली.

"आ कर, ड्रायव्हर," ती म्हणाली.

अंकुशरावांनी वाकून तोंड उघडलं.